जुनी प्यूजो पीएक्स-१० परत पळती करायची तर: आटे, मापं आणि त्याच काळातले पार्ट

१९७० च्या दशकातली प्यूजो पीएक्स-१० ही फ्रेंच रेसिंग सायकल अजून सापडते. फ्रान्समधल्या जुन्या बाजारात, कुणाच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये, लेबॉन्क्वांसारख्या जुन्या वस्तूंच्या साइटवर. युरोपात राहणारी आपली बरीच मंडळी अशी सायकल बघतात आणि घेऊ का नको करत बसतात. माझं मत विचाराल तर घ्या, फ्रेम सरळ असेल तर बिनधास्त घ्या, कारण रेनॉल्ड्स ५३१ स्टीलच्या नळ्या, नर्व्हेक्सचे नक्षीदार सांधे, पूर्ण सायकल साधारण दहा किलो, आणि खराब रस्त्यावर ती जशी मऊ चालते तशी आजची महागडी कार्बनची सायकलही चालत नाही. प्यूजो १८८२ पासून सायकली बनवते, एडी मर्क्सने १९६६ ची मिलान-सानरेमो शर्यत जिंकली ती प्यूजोच्या टीममधून, आणि बर्नार थेव्हनेने १९७५ आणि १९७७ ची टूर द फ्रान्स जिंकली तीही प्यूजोवरच. पीएक्स-१० म्हणजे त्याच घराण्यातली, साध्या माणसाला दुकानातून घेता यायची अशी रेसिंग सायकल.

पण ही फ्रेंच सायकल आहे, आणि जुन्या फ्रेंच सायकलींची मापं जगात इतर कुणाशी जुळत नाहीत. बहुतेक लोक अडकतात ते इथेच. म्हणून ह्या लेखात रंग, पॉलिश वगैरेवर मी थोडंच लिहिणार आहे आणि आट्यांवर भरपूर.

आधी हे ठरवा की कुठपर्यंत जायचं

दोन प्रकारचे लोक असतात. एक, कॅटलॉगमध्ये होती तश्शी हवी म्हणणारे, स्क्रूसुद्धा तोच. दुसरे, जुन्या फ्रेमला आजचा अकरा स्पीडचा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) लावून मोकळे होणारे. मला दोन्ही पटत नाही. सायकल ज्या काळातली आहे त्या काळातला एखादा जाणता मेकॅनिक स्वतःच्या सायकलला काय लावेल, तेवढं लावायचं. आणि गंमत म्हणजे त्या वेळचे मेकॅनिक पण पीएक्स-१० जशी यायची तशी ठेवत नव्हतेच, सिम्प्लेक्सचं प्लास्टिकचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून दुसरं लावायचे, ट्युब्युलर (रिमला चिकटवायचे) टायर जाऊन साधे टायर यायचे, पुढच्या रिंगा लहान व्हायच्या. म्हणजे त्याच काळातले पार्ट घालून केलेला अपग्रेड हाही ह्या सायकलच्या इतिहासाचाच भाग आहे.

मर्यादा कुठे आखायची हे कळत नसेल तर इटलीतल्या लेरोइकाचा नियम वापरा. टस्कनीतल्या गायोले गावातून १९९७ पासून ही राइड निघते, आणि तिथे १९८७ च्या आधीची सायकल लागते, गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर, ब्रेकच्या वायरी लिव्हरच्या वरून मोकळ्या निघालेल्या, पॅडलला क्लिप आणि पट्टे. तिकडे जायचं नसलं तरी हा नियम हाताशी ठेवा, पार्ट घेताना विचार पटकन संपतो.

आणखी एक गोष्ट मी कायम पाळतो, जे परत फिरवता येत नाही ते शक्यतो करायचं नाही. फ्रेमला नवीन भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, चांगला जुना रंग खरवडायचा नाही. ह्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

घेताना काय बघायचं

रंग उडालाय, क्रोमवर तांबूस ठिपके आहेत, टायर सडलेत, हे सगळं सोडून द्या. बघायचं ते हे: हेड ट्यूबच्या (हँडलखालची छोटी उभी नळी) लगेच मागे वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवा, तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल समोरून ठोकलेली आहे, राहू द्या. मग बाजूला उभं राहून चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बघा. त्याच्या वरच्या सरळ भागाची रेघ हेड ट्यूबच्या रेघेत जायला पाहिजे, मागे दाबलेला दिसला तर तीच कहाणी. मग सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम हलतो का ते विकणाऱ्यासमोरच बघून घ्या. ॲल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या नळीत वीस-तीस वर्षं ग्रीसशिवाय बसला की जाम होतो, आणि तो सोडवायला लागणारा वेळ आणि वैताग ह्यांची किंमत भाव करताना धरायला हवी.

घरी आणल्यावर दोरीची परीक्षा करा. मागचं चाक काढा, एका ड्रॉपआऊटला (चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच) दोरी बांधा, ती पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला ताणून बांधा, आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर मोजा. एखाद मिलिमीटरचा फरक असला तर काही होत नाही. जास्त असेल तर फ्रेम बनवणाऱ्या माणसाकडून सरळ करून घ्या, स्टील आहे, सरळ होतं.

आटे आणि मापं, इथे घाई नको

व्हर्निअर कॅलिपर घ्या. नसेल तर आधी तो विकत घ्या, मग सायकल खोला. साधारण १९८० पर्यंतच्या पीएक्स-१० वर बॉटम ब्रॅकेटचे (क्रँक ज्यावर फिरते त्या बेअरिंगचे) आटे ३५ मिमी बाय १ मिमी असतात, इंग्लिश माप साधारण ३४.८ आणि २४ आटे इंचाला. हेडसेट (चिमट्याचं बेअरिंग) २५ मिमी, इंग्लिश २५.४. स्टेमची नळी २२.० मिमी, इतरांची २२.२. हँडल जिथे पकडतात तिथे २५.० मिमी. फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) आटे ३४.७ मिमी, इंग्लिश ३४.९ च्या आसपास. पॅडल १४ मिमी बाय १.२५, बाकी जगाचं नऊ सोळांश इंच. सीटपोस्ट बहुतेक २६.४, इंग्लिश ५३१ च्या सायकलींना २७.२. आणि नळ्याच मुळात मेट्रिक, सीट ट्यूब आणि खालची नळी २८ मिमी, इंग्लिश नळी २८.६. म्हणजे पुढच्या डिरेलरचा आणि गिअर लिव्हरचा क्लॅम्प इंग्लिश मापाचा घेतलात तर तो सैल बसतो, मग कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून आत घालायची, हा उपाय जगभर चालतो आणि छान चालतो.

आट्यांमधले फरक सगळे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. खरा धोका ह्यातच आहे, कारण चुकीचा पार्ट दोन-तीन फेरे व्यवस्थित जातो, माणसाला वाटतं बसला, मग जरा जड जातो, मग पाना लावून दाबलं की आटे गेले. हबचे आटे गेले तर हब बदलता येतो, बॉटम ब्रॅकेटचे गेले तर फ्रेमच गेली. हाताने तीन-चार फेरे मोकळे जात नसतील तर थांबा आणि मोजा.

दुसरी भानगड दिशेची. इंग्लिश सायकलला बॉटम ब्रॅकेटचा चेनच्या बाजूचा कप (बेअरिंगची वाटी) उलट्या आट्याचा असतो, फ्रेंचला दोन्ही बाजू सरळ आट्याच्या. म्हणजे फ्रेंच कप घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. पण १९८० च्या आसपासच्या काही प्यूजो स्विस आट्याच्या आहेत, माप तेच ३५ बाय १, फक्त चेनच्या बाजूला उलटा आटा. आणि त्यानंतरच्या फ्रेम हळूहळू इंग्लिश मापावर गेल्या. त्यामुळे कप सुटत नाहीये म्हणून पान्यावर उभं राहण्याच्या आधी आपण सोडतोय का आवळतोय हे नक्की करा. पॅडलवर 'डी' आणि 'जी' कोरलेलं असतं, तिथे 'डी' म्हणजे उजवं पॅडल, आपल्या डोळ्यांना ते डावं वाटतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुण्या-मुंबईला सायकल घेऊन जायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या दुकानात मिळणारे कप, पॅडल, हेडसेट इंग्लिश वळणाचे असतात, ते ह्यावर बसणार नाहीत. लागणारे पार्ट तिकडूनच बरोबर न्या.

खोलताना

खोलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायर कुठून कशी गेलीये त्याचे जवळून काढा. प्रत्येक ठिकाणचे छर्रे, वायसर, नट वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी. सगळं एका डब्यात टाकू नका, फ्रेंच नटबोल्टची जोडी परत लावणं फार त्रासाचं असतं.

मागचं चाक नवीन रिमवर बांधायचं असेल तर तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढा. तारा कापल्यावर हब हातात आला की त्याला धरायला काहीच उरत नाही आणि फ्रीव्हील त्यावर कायमचं बसतं. रिमूव्हर त्याच कंपनीचा आणि त्याच खाचांचा लागतो. जुन्या ॲटमच्या फ्रीव्हीलला दोन खाचांचा असतो, तो सटकतो आणि खाच मोडते. म्हणून रिमूव्हर बसवून क्विक रिलीजची दांडी त्यावरून आवळून घ्यायची, व्हाइसमध्ये रिमूव्हर धरायचा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवायचं. सुटल्याचा पहिला झटका आला की दांडी थोडी सैल करत जायची.

क्रँक स्ट्राँगलाइट ९३ असेल, पीएक्स-१० ला बहुतेक तीच असायची, तर नेहमीचा २२ मिमीचा एक्स्ट्रॅक्टर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) अजिबात लावू नका. स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा लागतो. २२ चा लावला तर आत जातो पण नीट पकडत नाही, आणि जबरदस्ती केली तर क्रँकचे आटे जातात. योग्य एक्स्ट्रॅक्टर थोडा महाग आहे, पण ह्या एका हत्यारावर पैसे वाचवू नका. तसाच टीए कंपनीच्या क्रँकला २३ मिमीचा, तो वेगळा.

जाम झालेल्या स्टेमला किंवा सीटपोस्टला आत झिरपणारं तेल घाला, आपल्याकडे रस्टोलिन मिळतं ते पण चालतं, आणि मग थांबा. रात्रभर, दोन रात्री, रोज थोडं तेल, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून हातोडीचे हलके ठोके. स्टेमचा वरचा बोल्ट पूर्ण काढू नका, चार-पाच फेरे सैल करून बोल्टच्या डोक्यावर ठोका म्हणजे आतली पाचर खाली सुटते. सीटपोस्ट पिळून काढायला जाऊन सीट ट्यूबच पिळलेले लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

फ्रेम

मूळ रंग साठ-सत्तर टक्के असेल तर तो ठेवा, कळकळीने सांगतोय. पांढरी पीएक्स-१०, काळे सांधे, आणि वयाने आलेले ओरखडे, हे पुन्हा कुणी बनवू शकत नाही, आणि पावडर कोटिंग केलं की नर्व्हेक्सच्या सांध्यांच्या बारीक कडा त्या जाड थराखाली बुजून जातात. साबणाच्या पाण्याने धुवा, अगदी मऊ पॉलिश हलक्या हाताने फिरवा, स्टिकरवर फिरवू नका, वर मेण. उडालेल्या ठिकाणी मिळताजुळता रंग बारीक ब्रशने.

क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे येत नाहीत. खूप गंजलेले स्टीलचे सुटे भाग ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये, लिटरभर पाण्याला साधारण दहा ग्रॅम, रात्रभर ठेवायचे आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुवून, लगेच पुसून तेल लावायचं. हे ॲसिड विषारी आहे, हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि घरात लहान पोरं किंवा कुत्रं-मांजर असेल तर बादली कुलपात.

नळ्यांच्या आतून गंज लागतो तो दिसत नाही. त्यासाठी जुना उपाय म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल. आतून ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं निथळू द्यायचं आणि काही दिवस वाळू द्यायचं, आत पातळ थर धरतो. सायकल मुंबईला, कोकणात किंवा गोव्याला राहणार असेल तर हे कराच, तिथल्या दमट हवेत पातळ नळी आतून खाल्ली जाते आणि वरून रंग मात्र छान दिसत राहतो. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.

बेअरिंग

बॉटम ब्रॅकेटमध्ये पाव इंची छर्रे, बाजूला अकरा. मागच्या हबमध्ये पण पाव इंची, बाजूला नऊ. पुढच्या हबचे काढलेले मोजून आणि मापून तसेच आणा. छर्रे कायम नवीन घाला, स्वस्त असतात. वाटी आणि कोन रॉकेलने धुवून उजेडात बघा, चकचकीत रेघ असली तर चालेल, खड्डे असले तर कोन बदला.

चेनच्या बाजूचा फिक्स्ड कप चांगला असेल तर काढूच नका. आतून चिंधीने पुसा, टॉर्चने बघा, ग्रीस भरा, बस. कारण फ्रेंच फिक्स्ड कप सरळ आट्याचा असल्याने चालवता चालवता सैल होण्याकडे त्याचा कल असतो, फॅक्टरीत आवळलेला घट्ट बसलाय तर त्याला राहू द्यावं. काढावाच लागला तर बसवताना लॉकटाइट लावून चांगला मोठ्या पान्याने आवळा.

कप खराबच असतील तर फिल वूडचं सीलबंद बॉटम ब्रॅकेट घेता येतं, त्याला फ्रेंच आट्याच्या रिंगा वेगळ्या मिळतात. फिल वूडने सीलबंद बेअरिंगचे पार्ट सत्तरच्या दशकातच बाजारात आणले, म्हणजे काळाच्या हिशोबातही ते बसतं, बाहेरून दिसतही नाही, आणि पावसात चालवणाऱ्याला मोठा दिलासा. स्पिंडलची लांबी मात्र जुनी मोजूनच सांगा.

गिअर, म्हणजे खरी मजा

पीएक्स-१० वर सिम्प्लेक्सचं प्रेस्टिज डिरेलर यायचं, दिजाँ शहरातली कंपनी, आणि त्याचं अंग डेलरिन नावाच्या प्लास्टिकचं. नवीन असताना हलकं आणि बरं होतं, पण पन्नास वर्षांनी ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, चढावर जोर लावताना तडकलं तर मागच्या चाकात जातं. पुढच्या डिरेलरचंही तेच. ते काढा, कपड्यात गुंडाळून जपून ठेवा, आणि चालवायला दुसरं लावा.

माझी पहिली पसंती सिम्प्लेक्सचंच सुपर एलजे किंवा एसएलजे. पूर्ण धातूचं, देखणं, आणि महत्त्वाचं म्हणजे ह्याच फ्रेमच्या ड्रॉपआऊटवर काहीही न बदलता बसतं. सिम्प्लेक्सच्या ड्रॉपआऊटमधल्या भोकाला आटे नसतात, इतर कुठलंही डिरेलर लावायचं म्हटलं की तिथे १० मिमी बाय १ चे आटे पाडावे लागतात आणि डिरेलर अडून राहायची खाच कानशीने करावी लागते. परत न फिरणारी गोष्ट ती हीच.

दुसरा पर्याय सनटूर, सायक्लोन किंवा व्ही-जीटी. जपानच्या माएदा कंपनीने १९६४ मध्ये तिरप्या समांतरभुजेचं डिरेलर काढलं, म्हणजे वरची कप्पी फ्रीव्हीलच्या उताराला धरून सरकते, चक्र लहान असो की मोठं, अंतर जवळपास सारखं राहतं, त्यामुळे गिअर पटकन आणि स्वच्छ पडतो. पेटंट संपल्यावर ऐंशीच्या दशकात बाकीच्यांनी हीच रचना उचलली, आजही सगळीकडे तीच आहे. चढाची सायकल करायची असेल तर मी ड्रॉपआऊटला आटे पाडायला तयार होईन आणि सनटूर लावीन. कॅम्पानोलोचं नुओव्हो रेकॉर्ड, १९६७ चं, दिसायला सगळ्यात सुंदर, टिकायला पण जबरदस्त, पण मोठ्या दातांच्या फ्रीव्हीलवर त्याची ओढाताण होते, आणि त्यालाही आटे पाडावेच लागतात. फ्रेंच सायकलवर ते मला परकंच वाटतं.

लिव्हर मात्र सिम्प्लेक्सचे रेट्रोफ्रिक्शनचे मिळाले तर सोडू नका. आत एक स्प्रिंग असते, ती डिरेलरच्या स्प्रिंगच्या ओढीला तोलून धरते, त्यामुळे लिव्हर दोन्ही दिशांना सारखाच हलका लागतो आणि जिथे सोडाल तिथे थांबतो. एकदा वापरलेत की दुसरे लिव्हर आवडत नाहीत.

आता दातांचा हिशोब. मूळ पुढच्या रिंगा बहुतेक ५२ आणि ४५ दातांच्या, मागची चक्रं १४ ते २३ दातांची. सगळ्यात हलका गिअर ४५ ला २३, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण ४.१ मीटर जाते. रेसरचा हिशोब आहे हा, आपल्यासारख्या लोकांना सिंहगड काय किंवा आल्प्स काय, ह्या गिअरवर गुडघे जातील. स्ट्राँगलाइट ९३ वर आतली रिंग ३८ पर्यंत लहान लावता येते, मागे २८ दातांचं चक्र घेतलं की एका फेरीत २.८५ मीटर. एवढ्याने बहुतेक घाट निघतात. अजून हलकं हवं असेल तर टीएची सायक्लोटूरिस्ट क्रँक, ४६ आणि ३० च्या रिंगा, ३० ला २८ म्हणजे २.२५ मीटर. फ्रान्समधले लांब पल्ल्याचे टूरिस्ट त्या काळात हेच लावून डोंगर चढायचे, त्यामुळे ह्या सायकलला ती अगदी घरची आहे.

मागे पाच स्पीडसाठी ड्रॉपआऊटमधलं अंतर १२० मिमी असतं. सहा हवे असतील तर साधं सहाचं फ्रीव्हील १२६ मागतं, पण सनटूरचं अल्ट्रा-६ घेतलं तर चक्रं जवळजवळ असल्याने ते १२० मध्येच बसतं, फ्रेम ताणायची गरज नाही. चेन अरुंद लागते, आजची आठ स्पीडची चेन त्यावर मस्त चालते. हबचे आटे फ्रेंच असतील तर फ्रीव्हीलही फ्रेंच आट्याचंच शोधा, किंवा इंग्लिश आट्याच्या हबवर चाक बांधा. मी दुसरा रस्ता सुचवेन, पुढचं सगळं आयुष्य सोपं होतं.

चाकं

मूळ चाकं ट्युब्युलरची, टायर रिमला चिकटवलेला. ज्यांना आवडतं त्यांनी ठेवा, पण पंक्चर झाल्यावर रस्त्यात बसून टायर उपटायचा आणि परत चिकटवायचा हे रोजच्याला जमत नाही. चांगली गोष्ट अशी की ट्युब्युलर रिमच्या जागी ७०० सीची साधी रिम लावली तर ब्रेकच्या रबरांची जागा जवळपास तीच राहते. मॅव्हिक मोड्यूल ई किंवा सुपर चॅम्पियनची जेंटलमन शोभून दिसते, छत्तीस तारा, आणि त्यावर २८ मिमीचा टायर. आतल्या कडेला हूक नसलेली जुनी रिम असेल तर हवा फार भरू नका, सत्तर-पंचाहत्तर पीएसआयच्या वर गेलं की टायर कडेवरून उडू शकतो. चाक बांधल्यावर आऊट काढून घ्या, आणि तारांना जोडीजोडीने हाताने दाबून परत एकदा काढा.

ब्रेक, स्टेम, हँडल

क्लेर्माँ-फेराँच्या माफॅक कंपनीचे सेंटरपुल ब्रेक बदलू नका. कर्कश वाजतात म्हणून लोक काढून टाकतात, वाजतात ते जुन्या दगड झालेल्या रबरांमुळे. कूलस्टॉपची विटकरी रंगाची रबरं लावा, रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं किंचित तिरकं करा, माफॅकमध्ये ही सोय आहेच, आणि दोन्ही हातांना जोडणारी आडवी वायर जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवा, ब्रेकची पकड वाढते. आतल्या वायरी नवीन स्टेनलेसच्या, बाहेरची नळी आतून अस्तर असलेली, ती जुन्या काळातली नसली तरी दिसत नाही आणि जीव वाचवते. जुनी वायर फेकायच्या आधी तिचं टोक नवीनच्या शेजारी धरून आकार जुळतो का बघा.

स्टेमवर एव्हीए असं नाव कोरलेलं असेल तर तो काढून ठेवा आणि परत लावू नका. त्याच्या नळीला खाली फाक असते आणि तिथून तडे जाऊन मोडल्याच्या घटना बऱ्याच आहेत. भर उतारावर स्टेम मोडला तर हातात नुसतं हँडल राहतं. फिलिप किंवा ॲटॅक्सचा नंतरच्या काळातला चांगला स्टेम शोधा, नाहीतर नित्तोचा २२.२ चा घेऊन नळीचा आत जाणारा भाग बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून २२.० वर आणा, एका बाजूने नुसता ०.१ मिमी जातो, ताकद कमी होत नाही. लेथवाल्याकडे दिलात तर पाच मिनिटांचं काम. पण त्या स्टेमला २५ मिमीचं फ्रेंच हँडल बसणार नाही, स्टेम आणि हँडल जोडीनेच बदलायचे. आत जाताना भरपूर ग्रीस, आणि कमीत कमी साडेसहा सेंटिमीटर नळीत गेलाच पाहिजे.

हँडलला सुती पट्टी गुंडाळा आणि वर चपडा लाखेचे दोन-तीन हात द्या, फर्निचरवाले फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून. पट्टी घामाने कुजत नाही आणि रंग मधासारखा खुलतो. चामड्याचं सीट असेल, इडिअल किंवा ब्रूक्स, तर त्याला तेलात बुडवू नका, चामड्याचं मेण वरून आणि थोडं खालून, एवढंच.

जोडल्यावर

पहिली राइड घराजवळ, सपाट रस्त्यावर, खिशात पाने घेऊन. क्रँकचे बोल्ट पहिल्या काही राइडनंतर दर वेळी परत आवळा, ॲल्युमिनियम चौकोनी टोकावर हळूहळू बसत जातं आणि बोल्ट सैल पडतो, सैल क्रँक चालवली तर तिचं भोक गोल होतं आणि मग ती कामातून जाते. हेडसेट बघा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे करा, टकटक आली तर थोडं आवळा. फिक्स्ड कपवर पेनाने एक खूण करा, कप आणि फ्रेम दोन्हीवरून जाणारी, म्हणजे तो सरकला तर लगेच कळेल. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की चाकांचा आऊट परत काढा, नवीन तारा तेवढ्यात थोड्या सैल होतात, आणि ब्रेकच्या वायरी पण ताणल्या जातात त्या ओढून घ्या. घाट त्यानंतर, आणि पहिल्या घाटात उतरताना वेग हातात ठेवून, दोन्ही ब्रेक नीट पकडतात ह्याची खात्री वरच करून.